अक्काच्या खिडकीतला पुठ्ठा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास बोळात गाडी लावताना मला अक्काच्या खिडकीत पुठ्ठा दिसला. कुठल्यातरी फ्रिजच्या खोक्याचा असावा, कारण त्यावर उभा बाण होता आणि तडकलेल्या ग्लासाचं चित्र होतं. चारही कडांना खिळे मारलेले आणि फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या. आम्ही या गल्लीत राहायला येऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती खिडकी बंद असलेली मी पाहिली नव्हती. थंडीत नाही, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नाही, कोरोनात तर नाहीच. अक्का त्या खिडकीशी मांडीवर सूप घेऊन बसते आणि विड्या वळते. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी तिथूनच लागते. त्या दिवशी मात्र ती दारातल्या पायरीवर बसली होती. तिथे ऊन पायापर्यंत आलेलं होतं.

"काय अक्का, खिडकी का बंद केली?"

"काय नाही अण्णा, वारं लागायलंय."

सोलापुरात मे महिन्यात दुपारी साडेतीनला वारं? मी हसलो, गाडीची किल्ली काढली आणि वळलो. तेवढ्यात मानेवर तो उष्ण फुत्कार आला. वर पाहिलं. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, तिच्या खिडकीच्या बरोबर समोर, फारतर चार हातांवर, आमच्या नव्या एसीचं आउटडोअर युनिट घुमत होतं. आत बायको दुपारची आडवी झालेली होती.

"पानं फुटायलेत ओ," अक्का म्हणाली. मान वर न करता, तक्रारीचा सूर न लावता, गॅस संपत आलाय असं सांगावं तितक्या सहज.

जे खुपलं ते तिचं न भांडणं. आमची गल्ली गप्प बसणाऱ्यांची नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी मोटारी लावण्यावरून तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत जे चालतं ते इथे लिहिता येणार नाही. अक्का त्यात कधीच मागे नसते. माझी गाडी तिच्या पायरीला चार बोटं जास्त टेकली तरी ती मला ऐकवते. आणि हाच एसी तीन आठवडे तिच्या तोंडावर गरम वाफा सोडत होता, तेव्हा तिने पुठ्ठा शोधला, खिळे मागून आणले आणि स्वतःचं आयुष्य पायरीवर हलवलं. पाण्यावर आपला हक्क आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. हवेवरही असतो असं कुणी तिला सांगितलेलं नसावं. मलाही सांगितलेलं नव्हतं.

विडीच्या पानाचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाही. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. सकाळी ते मऊ होतं, कानाच्या पाळीसारखं. मग शिरा टाळून, साचा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. अक्काची बोटं हे सगळं करताना ती बोळातल्या माणसाशी बोलत असते, बोटांकडे बघतही नाही. पण हवा कोरडी झाली की पान कडक होतं आणि वळताना शिरेवर बारीक आवाज करून फुटतं. फुटलेली विडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला जाते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्या हजारात ती धरत नाहीत. म्हणजे माझ्या खोलीत जो गारवा होता त्याची थोडी किंमत अक्काच्या हजारातून वजा होत होती, आणि हा हिशेब कुठल्याच वीजबिलावर छापून येत नव्हता.

माझे वडील मिलमध्ये मागावर होते. त्यांना ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती. विणाई खात्यात छताला बारीक फवाऱ्यांच्या नळ्या असत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. बाहेर सगळं सोलापूर भाजून निघत असताना ते रात्रपाळीहून दमट सदरा घालून परत येत. त्या सदऱ्याला तेल, खळ आणि ओल्या कापसाचा मिळून एक वास असायचा. आई तो सदरा दाराच्या कडीला अडकवायची आणि आम्ही पोरं त्याच्याखाली खेळायचो, गार लागायचं म्हणून. एप्रिल-मेमध्ये वडील जेवताना सांगायचे, "आज लई तुटलं." आम्हाला वाटायचं कामाचं काहीतरी असेल. मिल बंद पडल्यावर ते घरी बसले तेव्हाही उन्हाळ्याच्या दुपारी बोटं चोळून हवेचा अंदाज घ्यायचे. आता वाटतं, तेव्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथलं घर माळवदाचं. जाड भिंती, तुळयांवर फळ्या, त्यावर हातभर माती आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला वरती एक साणं. बाहेर पाय पोळायचे आणि आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग हळूहळू मडकी दिसायला लागायची. या घरांवर हल्ली फार हळवं लिहिलं जातं, मीही बँकेच्या वार्षिक अंकात एकदा लिहिलं होतं. आईने ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "माळवदाचं कौतुक तुम्ही करा. पाऊस लागला की गळती शोधायला कोण चढायचं? दरसाल माती कोण वाहायचं? आम्ही बाया." तिला शहरातली स्लॅबची खोली मिळाली तेव्हा ती देवाला साखर ठेवून रडली होती. त्यामुळे जुनं ते चांगलं असं म्हणायची माझी छाती होत नाही. फक्त एवढं खरं, की रात्री दहा वाजता स्टुलावर चढून आमच्या स्लॅबला तळहात लावला तर तो उतरवलेल्या तव्यासारखा लागतो. दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्रभर आमच्यावर सोडतो. आणि त्याच्याशी लढायला मी भिंतीवर यंत्र लावलं होतं.

त्या रात्री मी आकडेमोड केली. बँकेतल्या माणसाला झोप लागत नसेल तर तो दुसरं काय करणार? एसीवर "दीड टन" लिहिलेलं असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, हे वजन असावं. ते मूळ बर्फाचं माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. उपसलेली उष्णता कुठेतरी टाकावी लागतेच, शिवाय उपसायला लागलेली वीजही शेवटी उष्णताच होते. दोन्ही मिळून दीड टनाचा एसी भर जोरात असताना साधारण साडेसहा किलोवॅट बाहेर फेकतो. घरातली इस्त्री एक किलोवॅटची धरली तर सहा-सात तापलेल्या इस्त्र्या मी अक्काच्या खिडकीसमोर टांगल्या होत्या.

मुलीला पुण्याला फोन केला. ती या विषयात वाचत असते, मला अधूनमधून लिंक पाठवते आणि मी अंगठा पाठवतो. तिने एक गणनयंत्र पाठवलं. किती गाडी चालवता, काय खाता, विमानाने जाता का, असे प्रश्न. शेवटी तुमचा कार्बनचा ठसा, म्हणजे तुमच्या वापरापायी वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ते येतं. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे, अमेरिकेतला माणूस चौदा टनांच्या आसपास. वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आपण काय, गरीब बापुडे. मुलगी म्हणाली, "बाबा, हा ठसा मोजायची टूम घरोघर कुणी नेली माहीत आहे का? बीपीनं. तेल कंपनीनं. २००५ च्या सुमारास जाहिराती करून. म्हणजे लोक आपापल्या नळाकडे बघत बसतात, विहिरीकडे कुणी बघत नाही." हेही ऐकून मला बरंच वाटलं. अपराध कंपनीचा, सरासरी देशाची, मी मधल्यामध्ये मोकळा.

पण पुठ्ठा काही डोळ्यांपुढून हलेना. दोन टनांची सरासरी ज्यांच्या जिवावर निघते त्यांत अक्का आहे. एक पंखा, दोन बल्ब, नातवाचा मोबाइल आणि महिना-दीड महिना पुरवून वापरलेला सिलिंडर. माझं एप्रिलचं बिल ३१२ युनिटचं होतं. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण अजून बहुतेक वीज कोळशाची. होटगीच्या पुढे फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्यालाही पाणी लागतं, आणि ते उजनीतूनच येतं. आमच्या नळाचंही उजनीचंच. सरासरी काढताना माझे ३१२ युनिट आणि अक्काचे पन्नास-साठ एकाच पिशवीत जातात, आणि बाहेर येतो तो एक गरीब, सज्जन भारतीय माणूस. मी त्या माणसाच्या आड उभा राहून अमेरिकेकडे बोट दाखवत होतो. बँकेत एखाद्याने असा ताळेबंद आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

ठरवलं, युनिट गच्चीवर न्यायचं. बायको म्हणाली, "ने, पण एसी बंद कर म्हणू नकोस. रात्री मला घाम फुटतो, तुला फुटत नाही. तुझ्या हवामानबदलाचा प्रयोग माझ्या झोपेवर नको." तिचं पन्नाशीचं वय आहे, ती खोटं बोलत नव्हती. त्यामुळे थोर त्याग वगैरे आमच्या घरात झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मेकॅनिक म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, पाठीवर पिशवी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने युनिट पाहिलं आणि पाना हातात घेतला. "काका, गॅस सोडून देतो. वर नेऊन बसवलं की नवीन भरू. दोन हजार जास्तीचे लागतील." मी हो म्हणणारच होतो. दोन हजार हा आकडा काही मोठा नव्हता. पण आदल्या रात्री मुलीने फोनवर एक गोष्ट बजावली होती. नव्या एसीतला आर-३२ नावाचा गॅस ओझोनला धक्का लावत नाही म्हणून चांगला म्हणतात, पण हवेत सुटला तर उष्णता धरून ठेवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. यंत्रात साधारण पाऊण किलो असतो. म्हणजे पाच क्विंटल कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणजे सातशे युनिट वीज. उन्हाळाभर रोज पाच-सहा तास एसी चालवून मी जेवढं पाप करतो, तेवढं हा पोरगा एक नट फिरवून अर्ध्या मिनिटात करणार होता. फुस्स आवाज येऊन गेला असता, वासही आला नसता.

"गॅस आत ओढून घेता येतो ना?" मी विचारलं.

त्याने पाना खाली केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "पंपडाऊन? येतो की. शिकवलंय आम्हाला. कोण करायला सांगतंय काका, अर्धा तास जातो."

मग त्याने ते करून दाखवलं. एसी चालू ठेवायचा, थंडावर. गॅसचा दाब दाखवणारा गेज जोडायचा. बारीक पाइपचा वॉल्व्ह एलन कीने आधी बंद करायचा. आता कॉम्प्रेसर घरातल्या बाजूचा गॅस ओढून आपल्या पोटात भरत राहतो आणि गेजचा काटा हळूहळू खाली सरकतो. काटा शून्याच्या जवळ आला की जाड पाइपचाही वॉल्व्ह बंद, आणि लगेच वीज बंद. सगळा गॅस युनिटच्या आत कुलूपबंद. पोरगा शिडीवर होता, खाली बोळात मी शिडी धरलेली, आणि आमच्या दोघांच्या तोंडावर त्याच सहा-सात इस्त्र्या. तीन-चार मिनिटांत माझा शर्ट अंगाला चिकटला. अक्का तीन आठवडे इथे होती. काटा उतरताना तो पोरगा एखाद्याला झोप लागताना बघावं तसा बघत होता. चांगलं काम येत असूनही ते करायला कुणी सांगत नाही, असा चेहरा मी बँकेतही पुष्कळ पाहिला आहे. कधीकधी आरशातही.

"तुझ्या घरी आहे का रे एसी?"

"कूलर आहे. पाणी आलं की लावतो."

पाइप लांबवायला, स्टँडला आणि मजुरीला मिळून जे झालं त्यात एक बरा पंखा आला असता. तो पंखाही पुढच्या महिन्यात घेतलाच, कमी वॅटचा. जुना पंचाहत्तर वॅट खायचा, हा तिसाच्या आत. दुकानदार म्हणाला, "आता हेच चालायलंय." एवढं सोपं होतं तर दहा वर्षं का घेतला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आळस हा शब्द लिहायला जड जातो म्हणून पुढे जातो.

गच्चीला चुना मारायची कल्पना मात्र आईची. ती आता सत्तर पार आहे, बहुतेक वेळ झोपून असते. युनिट वर नेताना गडबड ऐकून म्हणाली, "वर पांढरी माती टाकलीय का?" स्लॅबवर माती कशी टाकणार, पण पांढरं करता येईल हे डोक्यात आलं. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्याने माणसं मारल्यावर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांत छपरं पांढरी करायचं कामही घेतलं, हे मी वाचलं होतं. मंगळवेढ्याच्या बायकांना तो आराखडा आधीपासून पाठ होता असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही, आई चिडेल. जोडभावी पेठेतून चुना आणला, पिंपात भिजवला. तो खदखदला, वाफा सुटल्या. थंड झाल्यावर गाळून, चिकटायला थोडा डिंक घालून, उतरत्या उन्हात मी आणि अक्काच्या नातवाने झाडूने दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर डोळे उघडवेनात. रात्री दहाला स्टुलावर चढून तळहात लावला. कोमट. तवा नव्हता. बायकोनेही लावून पाहिला आणि काही बोलली नाही, पण एसी अठराचा सव्वीसवर कुणी नेला हे मी विचारलं नाही. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणतात. पंखा सोबत असला की सव्वीस पुरतं. अकरा वाजता तो आपोआप बंद होईल असं आता लावलं आहे. कधी ती उठून परत लावते.

अक्काच्या पत्र्यावर चुना टिकत नाही, सोलून येतो. म्हणून पांढरा रंग आणला. ती आधी नको म्हणाली. "आमच्या पत्र्याला कशाला, अण्णा?" मी काय सांगणार? नुकसानभरपाई? दान? शेजारधर्म? मी म्हणालो, रंग उरलाय. तो उरलेला नव्हता, हे डब्याच्या न फुटलेल्या झाकणावरून तिला कळलंच. दोन दिवसांनी तिने शंभराच्या दोन नोटा आणून बायकोच्या हातात दिल्या आणि घेतल्याशिवाय हलली नाही. तेव्हा मला थोडं हलकं वाटलं आणि थोडं कमीपणाचंही.

बाकी सगळं सुरळीत झालं असं नाही. युनिट गच्चीवर गेलं म्हणजे उष्णता नाहीशी झाली नाही, ती आता चार हातांऐवजी चाळीस हातांवर सोलापूरच्याच डोक्यावर जाते. बायको त्याच्यासमोर कुरडया वाळत घालते, एका दिवसात कडकडीत होतात. आणि चुना मारल्याच्या चौथ्या दिवशी मागच्या तीन मजली इमारतीतले गृहस्थ आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "रागावू नका, पण तुमच्या गच्चीची चमक दुपारी आमच्या हॉलमध्ये येते. मिसेसचं डोकं दुखतं." मी वर जाऊन पाहिलं. खरोखर येत होती. त्यांनी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं. आम्ही दोघांनी चहा पिऊन मार्ग काढला. मधल्या कठड्यावर हिरवी जाळी बांधली, अर्धा खर्च त्यांचा. जाताना त्यांनी हळूच विचारलं, चुन्याचं पोतं कुठून आणलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा एक पाऊस झाला. रात्री बारा-साडेबाराला जाग आली. एसी आपल्या वेळेला बंद झालेला होता, खोली अजून बरी होती, पण हवा शिळी झाली होती. दीड महिन्यात पहिल्यांदा बेडरूमची खिडकी उघडली. आधी ओल्या मातीचा वास आला, मग तंबाखूचा. मग आवाज, कात्रीचा, कच कच, थांबून, कच कच. एसी लावल्यापासून हा आवाज आपल्याला ऐकूच आला नाही हे तेव्हा कळलं. पूर्वी मी त्याच्यावरच झोपायचो. समोरचा पुठ्ठा अजून तसाच होता, पण वरचे दोन खिळे निघालेले, वरची कड पुढे झुकलेली, आणि त्या फटीतून पिवळा उजेड बोळात पडला होता. फटीतून अक्काचं कपाळ दिसलं, मग डोळे. तिने माझी उघडी खिडकी पाहिली. कात्री थांबली.

"लाईट गेली का, अण्णा?"

"नाही," मी म्हणालो. "आहे की."

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तिने आपल्या बल्बकडे एकदा बघून घेतलं आणि पुढचं पान उचललं.